हातबनावटीचा सांधा: नोज, चेक रेल आणि सव्वा मिलिमीटर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. लघु रेल्वेच्या एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणात, १६.५ मिलिमीटर गेजवर (गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर), एकास सहा कोनाचा डावा सांधा, म्हणजे एका मार्गातून दुसरा फाटा फुटतो ती रुळांची रचना, आपण प्रथमच हाताने बांधला. स्लीपर पीसीबीच्या (तांब्याचा थर असलेल्या पाटीच्या) पट्ट्यांचे केले, नकाशा संगणकावरून छापून घेतला आणि चाके कुठे अडकू नयेत म्हणून फ्लँजसाठीची, म्हणजे चाकाच्या आतल्या बाजूच्या उंच कडेसाठीची फट सगळीकडे सढळ हाताने दीड मिलिमीटर ठेवली. आता चारचाकी ब्रेक व्हॅन क्रॉसिंगवर, म्हणजे दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात तिथे, खड्ड्यात गेल्यासारखी आदळते, डबे टंग रेलच्या (सांध्याच्या सुरुवातीच्या सरकत्या रुळांच्या) बाजूने फाट्यावर शिरताना मधूनच नोजवर, म्हणजे क्रॉसिंगच्या टोकदार भागावर, चढून घसरतात आणि लहान शंटिंग इंजिन नेमके क्रॉसिंगवरच थांबते. हा सांधा काढून टाकून तयार सांधा विकत घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

निदान इतक्यात घेऊ नये, असे माझे मत आहे. तीनपैकी दोन तक्रारींचे मूळ त्या दीड मिलिमीटरमध्ये आहे आणि तिसरी निव्वळ विजेची आहे. मी व्यवसायाने टूलरूमचा माणूस. हातबनावटीचे सांधे बांधू लागलो तेव्हा पहिल्या तीन सांध्यांत मीही हीच उदारता दाखवली होती. फट मोठी ठेवली की चाक सहज निघेल, हा समज साहजिक असला तरी सांध्याच्या बाबतीत तो उलटा पडतो.

क्रॉसिंगवर काय घडते ते आधी पाहू. एका बाजूचे चाक नोजपाशी पोहोचते तेव्हा त्याच्याखालचा रूळ क्षणभर संपलेला असतो. त्या क्षणी चाकाला नोजच्या योग्य बाजूला नेण्याचे काम त्याच आसावरचे पलीकडचे चाक करते, कारण त्या चाकाची पाठ चेक रेलने, म्हणजे बाहेरच्या रुळाला आतून समांतर लावलेल्या छोट्या रुळाने, ओढून धरलेली असते. म्हणून चेक रेलची जागा तिच्या शेजारच्या स्टॉक रेलवरून (सांध्याच्या बाहेरच्या अखंड रुळावरून) नव्हे, तर समोरच्या नोजवरून ठरवायची असते. नोजच्या धावत्या कडेपासून चेक रेलच्या घासणाऱ्या कडेपर्यंतच्या अंतराला चेक गेज म्हणतात. गेज १६.५ आणि फट १.२५ असेल, तर चेक गेज १५.२५ मिलिमीटर येते. आता चाकांकडे पाहा. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांच्या चाकांच्या दोन पाठींमधले अंतर १४.४ मिलिमीटरच्या आसपास असते आणि अमेरिकी आरपी-२५ आकाराच्या नेहमीच्या चाकाची फ्लँज सुमारे ०.७६ मिलिमीटर जाड असते. दोन्हींची बेरीज १५.१६ होते. म्हणजे सगळे नीट जमले तरी नोज आणि फ्लँज यांच्यामध्ये ०.०९ मिलिमीटर, केसाच्या जाडीइतकीच जागा उरते. आपण फट दीड मिलिमीटर ठेवली, म्हणजे चेक गेज १५.०० वर आले आणि फ्लँज नोजच्या टोकाला धडकण्याची पूर्ण सोय झाली. सरळ मार्गावर गाडी मधोमध चालते म्हणून ते लपते. फाट्याच्या वळणावर चाके बाहेरच्या रुळाकडे, म्हणजे नोजच्याच दिशेने सरकतात, म्हणून डबे तिथे घसरतात. उलट दिशेने येताना नोजचे टोक चाकाच्या समोर येतच नाही, त्यामुळे तीच गाडी विनातक्रार बाहेर पडते. आपण वर्णन केलेली लक्षणे तंतोतंत हीच आहेत.

ब्रेक व्हॅन आदळण्याचे कारणही त्याच आकड्यात आहे. विंग रेल (नोजच्या बाजूचा बाक दिलेला रूळ) सोडून नोजवर टेकेपर्यंत चाकाला दोन फटींची रुंदी ओलांडावी लागते. फट १.२५ असेल तर ती अडीच मिलिमीटर होते, आणि २.८ मिलिमीटर रुंदीचे नेहमीचे चाक एका बाजूचा आधार सुटण्यापूर्वी दुसरा पकडते. फट १.५ केली की ती तीन मिलिमीटर होते आणि नोजच्या टोकाची जाडी त्यात आणखी भर घालते. चाक आत जाणारच. शिवाय विंग रेलला जिथे बाक देतो तिथपासून नोजपर्यंतचे अंतर फटीच्या कोनपट असते. एकास सहाच्या सांध्यात सव्वा मिलिमीटर फटीला ते साडेसात मिलिमीटर येते, दीडला नऊ. आपली व्हॅन दीड मिलिमीटर जास्त लांबीच्या पोकळीवरून जाते आणि चारच चाके असल्यामुळे तो धक्का झेलायला बोगी नाही.

दिसायला देखणी, २.२ मिलिमीटर रुंदीची बारीक चाके आपण त्या व्हॅनला बसवली असतील, तर मात्र सव्वा मिलिमीटरच्या फटीतही ती थोडी डुलकी घेतील. त्यावर ब्रिटनमधल्या काही मंडळींनी काढलेला तोडगा मला आवडतो. सांध्यापुरते गेज १६.२ करायचे आणि फट १.० ठेवायची, म्हणजे चेक गेज १५.२ राहते, जुनी चाकेही चालतात आणि बारीक चाकेही आदळत नाहीत. मात्र त्यासाठी प्रत्येक डब्याच्या चाकांचे पाठींमधले अंतर व्हर्निअरने तपासून १४.४ वर आणावे लागते. ज्यांना याचा कंटाळा आहे त्यांनी १६.५ आणि १.२५ वरच थांबावे.

मोजमापासाठी महागडी हत्यारे लागत नाहीत. दुचाकी दुरुस्तीवाले टॅपेटसाठी जे फीलर गेज वापरतात, त्यातली १.०० आणि ०.२५ ची पाती एकत्र धरली की फटीचे माप तयार होते. चेक गेजसाठी पितळेची पट्टी १५.२५ मिलिमीटर लांबीवर कानसून घ्यावी आणि तिची दोन्ही टोके काटकोनात असल्याची खात्री करावी. गेजसाठी मात्र रुळाचा माथा खाचेत धरणारी गोल चकत्यांची तयार गेजे घ्यावीत. निदान तीन हवीत, कारण एक हातात, एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या बाजूला असल्याशिवाय सोल्डर करताना रूळ जागेवर राहत नाही.

छापील नकाशावर आपण फार विश्वास ठेवलेला दिसतो. टेम्प्लॉटसारख्या प्रणालीत काढलेला नकाशा अचूकच असतो, पण छपाईयंत्र कागदात बसवण्यासाठी तो गुपचूप दोन-तीन टक्के लहान करते. १६.५ चे तीन टक्के म्हणजे अर्धा मिलिमीटर होतो. म्हणून नकाशावर आधी २०० मिलिमीटरची रेघ छापून ती पोलादी पट्टीने मोजावी. पण माप बरोबर आले तरीही नकाशा हा स्लीपर कुठे चिकटवायचे आणि वळण साधारण कसे जायचे एवढ्यापुरताच. रूळ बसवताना डोळे कागदावरच्या रेघेवर नसून गेजवर हवेत. पावसाळ्यात कागद फुगतो, पितळ फुगत नाही.

आता बांधणीच्या क्रमाकडे येतो, कारण तो चुकला की मापे बरोबर असूनही हिशेब जुळत नाही. पहिल्यांदा सरळ मार्गाचा स्टॉक रेल बसवावा आणि तो पोलादी पट्टीला लावून खरोखर सरळ करावा. दुसरा क्रमांक नोजचा. हे नोज सरळ स्टॉक रेलपासून गेज लावून पक्के करायचे आणि पुढची सगळी मापे या दोघांवरूनच घ्यायची. त्यानंतर दोन्ही विंग रेल, मग नोजवरून गेज लावून वळणाचा स्टॉक रेल, मग टंग रेल आणि अगदी शेवटी चेक रेल. दोन्ही स्टॉक रेल आधी लावून मध्ये नोज कोंबणारे बरेच जण भेटतात. तसे केल्यास दोन्ही बाजूंची चूक गोळा होऊन नोजवर येऊन बसते.

नोज घासण्याचे काम मी सांध्यावर नव्हे, टेबलावर करतो. सागाच्या एका ठोकळ्यावर ६० मिलिमीटर लांबीला १० मिलिमीटर फाकणारी रेघ आखून तिच्या दोन्ही बाजूंवर करवतीने रूळ बसेल एवढी खाच पाडून ठेवली आहे. आज तिच्या कडा कथलाने काळ्या झाल्या आहेत. दोन्ही रूळ निम्म्या कोनात, म्हणजे बारास एक या उताराने घासायचे. रुळाचा माथा एक मिलिमीटरच्या आतबाहेर रुंद असतो, त्यामुळे उतार जेमतेम बारा मिलिमीटर लांब येतो आणि एवढ्या लांबीत हात वाकडा गेला तर लगेच दिसते. रूळ शेगड्यात आडवा धरून, मोठ्या सपाट कानशीने एकाच दिशेने, परत येताना कानस उचलून घासावे. बारीक नीडल फाइल या कामाला घेऊ नये, ती उतारावर पोट काढते. माथा आणि तळ यांमधली पातळ भिंत उघडी पडली आणि टोक कागदासारखे वाकू लागले की थांबावे. मग दोन्ही घासलेल्या बाजूंना कल्हई करावी, खाचेत बसवून चिमट्याने दाबावे आणि सोल्डरची गरम इस्त्री टेकवावी. कथील चकाकून आत ओढले जाते तेव्हा तो जोड एकजीव होतो. सगळे थंड झाल्यावर नोजचे टोक कानशीच्या दोन हलक्या फटक्यांनी थोडे बोथट करावे आणि वरून किंचित उतरते करावे, म्हणजे चाक त्यावर आपटण्याऐवजी चढते.

हे नोज सांध्यात बसवताना शेजारी इस्त्री लागली की आधीचा जोड वितळून हलतो. नोजवर ओल्या कापसाचा बोळा ठेवावा आणि प्रत्येक स्लीपरवर तीन सेकंदांपेक्षा जास्त इस्त्री टेकवू नये. एवढ्या वेळात जोड बसत नसेल तर दोष इस्त्रीचा नसून रूळ अस्वच्छ असल्याचा आहे. आम्लयुक्त फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचे रसायन) वापरल्यास त्याच संध्याकाळी सांधा गरम पाण्याने आणि जुन्या दातांच्या ब्रशने धुवावा. रुळाचा जर्मन सिल्व्हर हा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे, चांदी त्यात नावापुरतीच. फ्लक्स राहिला तर आपल्याकडच्या दमट हवेत एका पावसाळ्यात त्यावर हिरवा थर दिसू लागतो.

पीसीबीच्या पट्ट्या आपण कुठून घेतल्या ते लिहिले नाही. मी पुण्यात तपकीर गल्लीतून साधी १.६ मिलिमीटर जाडीची पाटी आणून कापतो. काचतंतूची पाटी कापताना तोंडावर मास्क असावा आणि पाटी ओली ठेवावी, कारण तिची धूळ फुप्फुसांना वाईट असते. प्रत्येक स्लीपरच्या तांब्यात खाच पाडून डावा आणि उजवा रूळ वेगळा करावा लागतो हे आपल्याला माहीत आहेच. मात्र मल्टिमीटर शेवटी लावू नये, प्रत्येक रूळ बसल्यावर लावावा. तीस स्लीपर लागून झाल्यावर एका खाचेतला तांब्याचा तंतू शोधण्यात माझा एक अख्खा रविवार गेला आहे.

टंग रेल हा सांध्याचा सर्वांत नाजूक भाग असला तरी त्यात गणित कमी आणि हाताचे काम जास्त आहे. एकास सहासाठी चाळीस ते पन्नास मिलिमीटर लांबीचा उतार घासावा लागतो. स्टॉक रेलला टेकणाऱ्या बाजूने माथा आणि तळ दोन्ही घासायचे, चाक ज्या बाजूने धावते त्या बाजूने फक्त तळ काढायचा आणि माथ्याला अगदी टोकाशीच हात लावायचा. स्टॉक रेलच्या आतल्या तळाचा तेवढा भाग कानसून टाकला म्हणजे टंग रेल त्याच्या कुशीत शिरते. टोक स्टॉक रेलच्या माथ्यापेक्षा किंचित खाली असावे. परीक्षा सोपी आहे: अंगठ्याचे नख स्टॉक रेलच्या आतल्या कडेवरून टोकाच्या दिशेने सरकवावे. नख अडले तर फ्लँजही अडेल.

टंग रेल किती उघडावी याबाबत खऱ्या रेल्वेची नक्कल करू नये. ब्रॉड गेजवर नव्या कामात सांध्याची उघड ११५ मिलिमीटर असते. ८७ ने भागले तर १.३ मिलिमीटर येते, आणि आपली चाके प्रमाणापेक्षा जाड असल्याने त्यांची पाठ उघड्या टंग रेलला घासून जाईल. दोन मिलिमीटर उघड ठेवावी. दोन्ही टंग रेल ज्या पट्टीने जोडल्या जातात, त्या पट्टीवर त्यांना थेट सोल्डर करणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत आधी निकामी होणारी पद्धत आहे. प्रत्येक वेळी सांधा बदलताना जोड पिळला जातो आणि काही महिन्यांत सुटतो. त्याऐवजी टंग रेलच्या तळाला पितळेच्या तारेचा काटकोनी तुकडा सोल्डर करून त्याचे टोक पट्टीतल्या सैल छिद्रात सोडावे. मग वळण्याचे काम छिद्र करते, कथलाला ते करावे लागत नाही. चालवण्यासाठी लहान सर्व्हो मोटर आणि मध्ये लवचिक तार पुरेशी आहे.

आता थांबणारे इंजिन. आपण क्रॉसिंग दोन्ही बाजूंनी कापून वेगळे केले, ते योग्यच आहे, पण त्याला वीज दिलेली नाही. त्या मृत तुकड्याची लांबी आपल्या शंटरच्या वीज घेणाऱ्या चाकांमधल्या अंतराएवढी झाली की ते उभेच राहणार. क्रॉसिंगची वीज सांध्याच्या दिशेनुसार बदलली पाहिजे. सर्व्होच्या दांड्याने दाबला जाणारा साधा मायक्रोस्विच लावला आणि त्याचा मधला पाय क्रॉसिंगला, बाकीचे दोन पाय दोन स्टॉक रेलना जोडले की काम झाले. दोन्ही टंग रेल मात्र आपापल्या शेजारच्या स्टॉक रेलला कायमच्या तारेने जोडाव्यात. टंग रेलच्या स्पर्शावर वीज सोडून दिली तर तिथे धूळ बसली की इंजिन थांबते, आणि उघड्या टंग रेलला चाकाची पाठ लागली तरी शॉर्ट होत नाही हा या तारेचा दुसरा फायदा.

कापलेल्या फटींबद्दल एक अनुभव सांगून ठेवतो. माझा मांडणीचा टेबल गच्चीखालच्या खोलीत आहे. एका मे महिन्यात दुपारी चालू गाडीसह सगळी मांडणी बंद पडली आणि रात्री आपोआप सुरू झाली. तीन दिवस मी तारा तपासत होतो. अखेरीस कळले की बारीक करवतीने पाडलेली फट उन्हाने रूळ वाढून बंद होत होती. मीटरभर रूळ पंधरा अंशांच्या फरकाने साधारण पाव मिलिमीटर वाढतो, आणि बारीक करवतीची फट तेवढीच असते. तेव्हापासून प्रत्येक फटीत प्लॅस्टिकचा पातळ तुकडा चिकटवून तो रुळाच्या आकाराला घासतो.

आपण शेवटी विचारले होते की भारतीय मांडणीसाठी कोणता रूळ योग्य. १६.५ मिलिमीटर गेज हे १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजचे प्रमाण आहे, त्यावर काटेकोरपणे शोभेल ती पुणे किंवा नागपूरची मेट्रो. १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉड गेजला या प्रमाणात १९.२ मिलिमीटर लागेल. एवढ्यासाठी प्रत्येक इंजिनाची चाके बदलायला फार थोडे लोक तयार होतात आणि मीही झालो नाही. मात्र रुळाच्या उंचीत खरेपणा फुकट मिळतो. आपल्याकडचा ५२ किलोचा (मीटरमागे वजन) रूळ १५६ मिलिमीटर उंच, म्हणजे प्रमाणात १.७९ मिलिमीटर होतो, आणि कोड ७० चा (इंचाच्या ७० सहस्रांश उंचीचा) रूळ १.७८ मिलिमीटरचा असतो. ६० किलोचा १७२ मिलिमीटरचा रूळ कोड ७० आणि कोड ८३ यांच्या मध्ये पडतो. आपण कोड ८३ वापरला आहे, तो राहू द्यावा. खऱ्या सांध्याचा डौल मात्र कोनात असतो. आपल्या मुख्य मार्गांवर एकास बारा आणि यार्डात एकास साडेआठ असे सांधे दिसतात. एकास बाराचा खरा सांधा सुमारे ४० मीटर लांब असतो, म्हणजे टेबलावर ४६ सेंटिमीटर; घरातल्या जागेत ते क्वचितच परवडते. पुढचा सांधा एकास आठचा करून पाहावा, गाडी त्यावरून जाताना वेगळीच दिसते. स्थानकाच्या पादचारी पुलावरून खालचे सांधे निवांत न्याहाळता येतात, त्यासाठी रुळांत उतरण्याची गरज नाही. कोथरूडला जोशी यांचे लघु रेल्वे संग्रहालय आहे, तिथे गाड्या सांध्यांवरून जाताना चाकांचा आवाज ऐकावा.

आपल्या सध्याच्या सांध्याचे असे करावे. दोन्ही चेक रेल सोल्डर सोडवून काढाव्यात आणि नोजपासून १५.२५ च्या पितळी पट्टीने पुन्हा बसवाव्यात. घसरणे बहुधा इथेच थांबेल. मग विंग रेल सोडवून १.२५ च्या पात्यावर आत घ्याव्यात. त्या एकाच अखंड रुळाच्या असल्या आणि बाक चुकीच्या जागी असला, तर त्यांच्याशी झगडू नये, नवे दोन तुकडे वाकवून घ्यावेत. एका संध्याकाळचे काम आहे. नंतर इंजिन न लावता एकच डबा, आत थोडे शिसे ठेवून, एका बोटाने आठ दिशांनी ढकलावा: सरळ आणि फाट्यावर, पुढून आणि मागून, डबा फिरवून पुन्हा तसेच. डोळा रुळाच्या पातळीवर ठेवावा आणि दुसऱ्या हाताचे बोट स्लीपरवर टेकवावे, कारण क्रॉसिंगवरचा धक्का दिसण्याआधी बोटाला कळतो. रंग आणि खडी त्यानंतरच.